नावेतली चूल

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुठलीही वस्तू दिसली की ती तशीच का, हे विचारल्यावाचून चैन पडत नाही. जात्याचा खुंटा कडेलाच का, कोंबडी पाणी पिताना वर का बघते, असलं काहीबाही. आई वैतागून म्हणायची, "हिला सासरी कोण नांदवंल?" नांदवलं, चांगलं नांदवलं. पण माझं माहेर जवळा बाजार गावाच्या बाजूचं, तिथं पाणी म्हणजे विहिरीतलं. आणि सासर मिळालं ते पैनगंगेच्या काठचं, भोयाचं. जिथं इतरांच्या दारी बैल असतात, तिथं आमच्याकडे नाव होती. म्हणजे माझ्या चौकश्यांना कुरणच मिळालं.

तेव्हा नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. राज्यं दोन असली तरी सोयरीक एकच. लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या, बाजार कधी इकडचा तर कधी तिकडचा. पावसाळ्यात हा सगळा येण्याजाण्याचा कारभार आमच्या नावेवर. सासरे आणि माझे मालक, दोघं मिळून ती चालवायचे. मृगात पाण्यात लोटलेली नाव दिवाळी उलटून गेल्यावरच काठावर यायची आणि तेवढे दिवस सासरे तिच्यातच राहायचे. मागच्या अंगाला बांबूच्या तट्ट्याचं छोटं छप्पर होतं, त्याखाली त्यांचं अंथरूण. मालक रोज घरी येऊन जात, सासरे मात्र येत नसत. नदीला रात्रीतून पाणी चढलं आणि दोर तुटला तर नाव थेट नांदेड ओलांडून जाईल, असं ते म्हणायचे. नाव खरंच नांदेडला जाते का, ते नदीच्या वाटेवर आहे का, हे मी विचारलं होतं. तर ते नुसते हसले. पुढं कळलं की नांदेड गोदावरीवर आहे. त्यांना ते माहीत होतं, पण सुनेला भीती घालायला तेच गाव बरं होतं.

त्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. मामा फार कमी बोलत. आत्याबाई त्यांच्या वाटणीचंही बोलत. आणि गंमत अशी की सगळा जन्म भोयाच्या घरात काढलेल्या या बाईला पाण्याची भीती. माहेर पलीकडे, वऱ्हाडात, म्हणून नाइलाजानं नावेत बसावं लागे. तेव्हा त्या पदर तोंडावर ओढून डोळे गच्च मिटून घेत आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत उघडत नसत. आपल्याच नवऱ्याच्या नावेत त्या कधी डोळे उघडे ठेवून बसल्या नव्हत्या.

मी त्या घरी गेले त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यानंतर मामांच्या पोटानं उचल खाल्ली. खाल्लेलं ठरेना. पोटात आग पडायची, मग ते वल्हं टाकून गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. कारण शोधायला लांब जायला नको होतं. घाट गावापासून कोसभर, वाट काळ्या रानातली. पावसात एक पाय उपसावा तर दुसरा रुतावा. आत्याबाई पहाटे भाकरी थापून बांधून द्यायच्या आणि मामा त्या सवड मिळेल तेव्हा, दुपारी किंवा तिसऱ्या प्रहरी, गार आणि वाळकी अशी ठेच्याबरोबर गिळायचे. नदी चढली आणि नाव पलीकडे अडकली तर शिळीच भाकर, नाहीतर तीही नाही. अशी पुष्कळ वर्षं गेल्यावर पोट तरी किती सोसणार.

कळमनुरीला एक हकीम होते. म्हातारे, दाढी मेंदीनं लाल केलेली, बोलायला फार गोड. त्यांनी मामांच्या पोटावर बोटं दाबून पाहिली, जीभ पाहिली आणि सांगितलं, "ठंडं खाणं बंद. ताजं, गरम, पातळ, दोन वक्त. हे झालं तर दवा काम करेल. न्हाई झालं तर यंदाच्या पावसाळ्यात नावेवर बसू नका, घरात बसा. नावेवर बसला तर पुढचा पावसाळा मी सांगू शकत न्हाई."

घरी आल्यावर मालक म्हणाले, "दादा, तुमी घरी ऱ्हावा. मी बघतो नाव." मामा उठून ओसरीवरून खाली उतरले आणि कुंपणाशी जाऊन उभे राहिले. तिथून नदीवरची झाडं दिसायची. त्यांना घरी बसवणं म्हणजे काय, हे त्या पाठमोऱ्या उभं राहण्यात आम्हा सगळ्यांना दिसलं. मला तर रडूच आलं. मी जळण आणायच्या निमित्तानं आत गेले.

आत आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. चुलीकडे बघत मला म्हणाल्या, "ते चुलीकडं येत न्हाईत, तर चूलच तिकडं न्यावी लागंल."

मामांना हे कळलं तेव्हा ते त्या वर्षातलं सगळ्यात लांब बोलले. "नावंवर जाळ चढत न्हाई. माझ्या बापानं चढवला न्हाई, त्याच्या बापानं न्हाई. आसरांना सोसत न्हाई." साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. डोहाकाठी त्यांचे शेंदूर लावलेले दगड होते आणि नाव पाण्यात लोटायच्या आधी त्यांना नारळ फुटायचा.

"आसरांचं मी बघते," आत्याबाई म्हणाल्या. "त्या बायाच हायेत. त्यांना चूल कळत न्हाई व्हय?" आणि खरंच एका मंगळवारी त्या खण, हळदकुंकू आणि दहीभात घेऊन डोहावर गेल्या. तिथं काय बोलल्या ते मला कळलं नाही. मी विचारलं होतं, पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरा प्रश्न गिळला. परत आल्या त्या थेट कामालाच लागल्या.

ते ज्येष्ठातले दिवस होते. नाव काठावर ओढून ठेवलेली होती. फटींत अंबाडीचा वाख ठोकून वरून डांबर फासणं चालू होतं. माझ्या जन्मात मला एवढी मौज कधी वाटली नसेल. घरात चूल मांडणं मला ठाऊक होतं. पण हलणाऱ्या घरात, लाकडाच्या भुईवर, पाण्याच्या मधोमध चूल कशी मांडायची? घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. नावेतल्या चुलीबद्दल कोणी काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं, म्हणून आम्हालाच सगळं शोधावं लागलं.

पहिला प्रश्न लाकूड न जळण्याचा. मालकांनी मोडक्या बैलगाडीच्या फळीची एक चौकट ठोकून दिली, बिनझाकणाच्या पेटीसारखी. तिच्यात आम्ही विटांचे तुकडे घातले, वर ओली वाळू, वर माती. माती पडक्या गढीची, पांढरी आणि चिकट. तिच्यात घोड्याची लीद आणि तूस घालून मी दोन दिवस पायानं तुडवली. आत्याबाई म्हणाल्या, शेण घातलं तर चूल तडकते, लीद घातली तर तडकत नाही. मी विचारलं, का. तर म्हणाल्या, "घोडं पळतं, त्याची लीदबी सोसते." यात काही अर्थ नव्हता, पण चूल तडकली नाही ही गोष्ट खरी. एका बाजूला लहानसा वैल काढला, म्हणजे भाकरी होईपर्यंत कण्यांचं मडकं त्याच्यावर रटरटत राहील.

दुसरा प्रश्न भांड्यांचा. मी घरच्यासारखी उतरंड रचली, खाली मोठं गाडगं, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. मालक आले आणि काही न बोलता नावेच्या कडेवर पाय देऊन नाव जराशी डोलवली. काठावरच्या वाळूत असून ती एवढी डोलली की माझी उतरंड गडगडली आणि मिठाचं गाडगं फुटलं. "आता पाण्यात असती तर?" त्यांनी विचारलं. मला राग आला. तोंडानं सांगता आलं नसतं का? पण उतरंडीचा नाद मी सोडला.

मग आम्ही शिंकी बांधली. छपराच्या आडव्या बांबूला चार शिंकी, त्यात ताकाचं मडकं, कण्या, पीठ आणि तेलमिठाचं. मीठ आम्ही वाळक्या भोपळ्यात भरलं, कारण नदीवर मीठ पाणी धरतं. पुढं नाव पाण्यात गेल्यावर मला जे दिसलं ते मी अजून विसरले नाही. नाव डोलायची, छप्पर डोलायचं, आम्ही डोलायचो आणि शिंक्यातलं ताक मात्र जागच्या जागी थांबायचं, थेंब सांडायचा नाही. वाटायचं, हलतंय ते सगळं जग आणि स्थिर आहे ते ताक. मी मामांना विचारलं, असं काहून होतं. ते म्हणाले, "ते लोंबतंय म्हणून." आणि मग वल्हं मारता मारता, "जे घट्ट बसतं तेच सांडतं." मला ते पटलं, पण पुरतं समजलं नाही.

जळणाचंही तसंच. घरी आम्ही कापसाच्या पऱ्हाट्या जाळायचो. पण पऱ्हाटी तडतडते, ठिणगी उडते, आणि नावेला तर वरून खालपर्यंत डांबर. म्हणून गवऱ्या आणि बाभळीची ढपलं, तीही राकेलच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. तेव्हा जगाची मोठी लढाई चालू होती, राकेल दुर्मिळ, पण डबे मुबलक. राख नदीत टाकायची नाही, हा आत्याबाईंनी आसरांशी केलेला करार असावा. राखेला वेगळं मडकं. आणि पिण्याच्या पाण्याचा माठ. हो, पाण्यात राहून पाण्याचा माठ. पावसाळ्यात पैनगंगा म्हणजे नुसता गाळ, त्यात निवळीचं बी उगाळून घालावं तेव्हा कुठं चूळ भरण्याजोगी व्हायची.

सगळं झाल्यावर राहिली चुलीची दिशा.

आमच्याकडे स्वयंपाक करणारीचं तोंड पूर्वेला असावं लागतं. उत्तरेला चालतं. पश्चिमेला पुण्य नाही, पण पापही नाही. दक्षिणेला मात्र कधीच नाही. दक्षिण यमाची दिशा. मेलेल्या माणसासाठी स्वयंपाक करायचा तर तिकडे तोंड. जित्या नवऱ्याची भाकरी दक्षिणेला तोंड करून थापणारी बाई आमच्या गावात सापडली नसती. आणि इथं तर नवरा आजारी, त्याच्या जिवासाठीच हा सगळा खटाटोप. आत्याबाई सूर्योदयाला घाटावर आल्या. सूर्य वर येताना बघितला, चौकटीपुढे बसल्या, उठल्या, चौकट दोन बोटं सरकवली, पुन्हा बसल्या. मग म्हणाल्या, "हितंच." चौकट नावेच्या तळाच्या फळ्यांना खिळ्यांनी ठोकून पक्की झाली. चूल लिंपली, वाळली. मग हळदकुंकू वाहिलं आणि दूध तापवून उतू घातलं. ते बरोबर पूर्वेला उतू गेलं. आत्याबाईंचा चेहरा इतका उजळला की मी काहीच विचारलं नाही.

नाव पाण्यात गेली. मामांसाठी पहिला स्वयंपाक आत्याबाईच करणार होत्या. मी तरणी सून, उतारूंच्या देखत नावेत चूल फुंकत बसणं बरं दिसलं नसतं. त्यांच्या वयाच्या बाईला कोण काय म्हणणार? मी जळण आणि पीठ घेऊन बरोबर गेले. नाव काठाला बांधलेली होती, उतारू अजून यायचे होते. आत्याबाई माझा दंड धरून आत शिरल्या, चुलीपुढे बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटूनच त्यांनी काटवटीत पीठ घेतलं, डोळे मिटूनच पाणी घातलं. इतक्या वर्षांच्या हाताला डोळ्यांची गरज नव्हती. मी जाळ घातला.

आभाळ जरा फाकलं होतं, कोवळं ऊन पडलं. मी आत्याबाईंकडे बघत होते. ऊन त्यांच्या डाव्या गालावर पडलं होतं.

मी आपली सवयीनं विचारून बसले, "आत्याबाई, ऊन डाव्या गालावर काहून येऊन राहिलं?"

त्यांनी डोळे उघडले. सकाळचं ऊन डाव्या गालावर, म्हणजे पूर्व डाव्या हाताला, म्हणजे तोंड सरळ दक्षिणेला. त्यांनी थापत आणलेली भाकरी काटवटीत तशीच गोळा केली आणि चुलीतली लाकडं मागं ओढली.

त्या वेळी झालेला घोटाळा मी आता सांगते तेव्हा सगळे हसतात. आमचा काठ दक्षिणेचा. नाव दुरुस्तीला ओढली तेव्हा नाक गावाकडे, दक्षिणेला होतं आणि त्याच स्थितीत आत्याबाईंनी पूर्व धरून चूल बसवली. पण पाण्यातली नाव कुठं गावाकडे तोंड करून उभी राहते? नदी आमच्या घाटापाशी पश्चिमेकडून पूर्वेला वाहते आणि बांधलेली नाव नाक धारेकडे करते, पश्चिमेला. नाव वळली तशी चूलही वळली आणि पूर्वेची दक्षिण झाली. ज्या बाईनं कधी डोळे उघडे ठेवून नावेत पाऊल टाकलं नाही, तिला हे कसं सुचावं? आणि मला तर नाव वळते हेच नवं.

मालक म्हणाले, "माझ्या ध्यानातच आलं न्हाई." मामा मात्र वल्हं पुसत होते. ते म्हणाले, "मला दिसलं व्हतं."

"मंग बोलला काहून न्हाई?" आत्याबाईंचा आवाज चढला.

"चुलीतलं मी कधी बोललोय?"

हे खरंच होतं. चूल बायकांची, नाव पुरुषांची. त्यांनी आमच्या कामात तोंड घातलं नाही, आम्ही त्यांच्या कामात डोकं घातलं नाही आणि दोन्ही शहाणपणांच्या मध्ये चूल दक्षिणेला जाऊन बसली.

मी म्हटलं, चौकट उपटू आणि फिरवून ठोकू. आत्याबाई म्हणाल्या, दूध उतू गेलेली चूल पावसाळाभर उपटायची नाही, तो अपशकुन दक्षिणेहून वाईट. मी म्हटलं, मग पलीकडच्या बाजूनं बसा. पण पलीकडे नावेची कड, बसायला जागाच नव्हती आणि चुलीचं तोंडही अलीकडे. मालक म्हणाले, मी दादांना कण्या शिजवून देतो, पुरुषाला दिशा नसते. आत्याबाईंनी कण्यांचं मडकं परत शिंक्यात टांगलं. त्या दिवशी मामांनी पुन्हा गार भाकरीच खाल्ली आणि दुपारी वल्हं टाकून गुडघे पोटाशी घेतले. आत्याबाई काठावर बसून ते बघत होत्या. एवढं सगळं करून शेवटी तेच. मला त्यांच्या त्या दिशेचा इतका राग आला होता की बोलले असते तर पुढं घरात राहणं अवघड झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठावर तीन दगड मांडून चूल पेटवायचं ठरवलं. दगड मांडले, गवऱ्या रचल्या आणि पाऊस आला. असा आला की गवऱ्यांचा शेणकाला झाला. आत्याबाई भिजत उभ्या राहिल्या, हातात काटवट उपडी धरून.

तेव्हा मामा उठले. त्यांनी नाकाचा दोर सोडला आणि लांब बांबू घेतला. मला वाटलं, उतारू आले असतील. पण घाटावर कुणी नव्हतं. त्यांनी बांबू तळाला टेकला आणि अंग टाकून नाव फिरवायला लागले. नाक काठाकडे, शेपटी नदीत. म्हणजे नाव धारेला आडवी. भोई असं कधी करत नाही. धारेला आडवी नाव म्हणजे नदीला आमंत्रण. नाक वाळूत घुसलं. शेपटीकडून पाण्याचा रेटा येत होता, नाव पुन्हा वळू बघत होती. मामा खालच्या अंगाला बांबू रोवून, त्याला छाती लावून उभे राहिले.

"ये," ते म्हणाले. "आता बस."

आत्याबाईंना कळायला वेळ लागला. मग त्यांनी नावेच्या नाकाकडे बघितलं, गावाकडे बघितलं आणि पदर खोचून आत आल्या. छपराखाली चूल कोरडी होती. त्या बसल्या, तोंड पूर्वेला. मामा बांबूला रेलून उभे. पावसात त्यांच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं. पोटात कळ येत असावी, कारण मधूनच त्यांचे ओठ आवळले जात. पण भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर जाऊन टम्म फुगेपर्यंत त्यांनी नाव हलू दिली नाही.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली," आत्याबाई म्हणाल्या.

मग मामांनी बांबू काढला. नाव आपली आपण पुन्हा धारेकडे वळली. ते येऊन बसले. आत्याबाईंनी वाफाळती भाकरी आणि पातळ कण्या पुढं ठेवल्या. मामांनी भाकरी हातावर घेतली, बघितली आणि फळीवर बाजूला ठेवली.

"खावा की," आत्याबाई म्हणाल्या.

"निवू दे जरा. गरम हाय."

यावर आत्याबाई जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. मामा हसले आणि फुंकर मारून गरम भाकरीचा पहिला घास खाल्ला. त्यांना गरम खायची सवयच राहिली नव्हती.

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत हे रोज चाललं. आत्याबाई जळणाची पाटी घेऊन रोज कोसभर चिखल तुडवायच्या. त्या चुलीपुढे बसल्या की मामा नाव फिरवायचे, भाकरी झाली की सोडायचे. नाव पलीकडच्या काठाला असली तर नाक उत्तरेला आणि आत्याबाईंचं तोंड पश्चिमेला. ते चालत होतं. उतारू घाटावर तिष्ठत उभे राहायचे. एकदा सरकीचे एक व्यापारी रागावून ओरडले, "काय चाललंय, नाव आडवी लावून?" मामा म्हणाले, "भाकर चालू हाय." पुढं लोकांना सवय झाली. दोन्ही काठांवर थट्टा व्हायची की या भोयाची नाव वाऱ्यानं वळत नाही, पाण्यानं वळत नाही, बायकोच्या भाकरीनं वळते. मामांना थट्टेचं काही वाटत नसे. आत्याबाई वरून लाजल्यासारखं दाखवत आणि मनातून खूश असत.

मामांचं पोट सुधारलं. हकीम म्हणाले, दवा लागू पडली. आम्ही माना डोलावल्या. आणि आत्याबाईंचे डोळेही हळूहळू उघडले. आधी एक, तोही पदराआडून. मग दोन्ही. दुसऱ्या वर्षी तर भाकरी थापता थापता त्या मला पाण्यातले भोवरे दाखवायच्या. दरवर्षी दिवाळीनंतर नाव वर ओढली की मी म्हणायची, आता चूल फिरवून बसवू, आता तर चालतं. दोन्ही वर्षी दोघंही मला म्हणाले, राहू दे. का, हे मी विचारलं. आता मला वाटतं, मी तो प्रश्न विचारायलाच नको होता, इतकं ते उघड होतं.

तिसऱ्या वर्षी भादव्यात मामांना ताप भरला. या वेळी ते स्वतःच म्हणाले, मला घरी न्या. नावेतून उतरताना त्यांनी बांबू मालकांच्या हातात दिला. घरी ते थोडेच दिवस होते. पोटाचं काही नव्हतं. हकीम म्हणाले, वय झालं.

दिवस झाले, तेरावा झाला, पाहुणे गेले. नदीला पाणी होतंच, उतारू येतच होते. मालक पुन्हा नावेवर जायला लागले होते आणि मी त्यांना भाकरी बांधून देत होते, गारच. एका सकाळी आत्याबाईंनी जळणाची पाटी उचलली आणि म्हणाल्या, "चल." मला वाटलं, त्या चूल मोडायला निघाल्या. वाटेत मी काहीच विचारलं नाही.

घाटावर नाव धारेकडे नाक करून दोराला डोलत होती. आत्याबाई माझा दंड न धरता आत चढल्या. शिंकी झटकली, चुलीतली जुनी राख राखेच्या मडक्यात काढली, गवऱ्या रचल्या आणि जाळ केला. काटवटीत पीठ घेतलं. मालकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग बांबू उचलला. दोर सोडायला वाकले.

"राहू दे," आत्याबाई म्हणाल्या.

मालक थांबले. "आई, तोंड दक्षिणेला येतंय."

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "ते तिकडंच गेलेत."

मालकांनी बांबू खाली ठेवला. आत्याबाईंनी पिठात पाणी घातलं, गोळा मळला आणि दक्षिणेला तोंड करून, डोळे उघडे ठेवून, पहिली भाकरी थापायला घेतली.